खोलणारांचे राज्य

माझ्याजवळ एक जुनी मोटार आहे आणि तिच्यापायी माझी पुष्कळांशी भांडणे झाली आहेत. दिवाळीच्या दिवसांत भांडणाचा विषय काढू नये, हे मला कळते. आपण चिवड्याची बशी मांडीवर घेऊन निवांत वाचायला बसला असाल आणि हा सफाळ्याचा म्हातारा मास्तर पिस्टन-व्हॉल्व्हांची कटकट घेऊन दारात उभा! पण वर्षभर मनात साठलेले कुठेतरी बोलायला हवे, आणि घरातली माणसे आता ऐकून घेत नाहीत.

माझे म्हणणे थोडक्यात असे: आपल्याकडे इंजिन खोलणारे फार झाले आहेत आणि त्याला काय झाले आहे हे आधी शोधणारे नाहीसे होत चालले आहेत. याचा दोष मी कारागिरांवर जितका ठेवतो, त्याहून अधिक गिर्‍हाइकांवर ठेवतो. त्या गिर्‍हाइकांत मी स्वतःही आलो. ते कसे, हे पुढे सांगणारच आहे.

मोटार १९५६ सालची डॉज. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशी तीन नावे. पण बोनेट उघडले की आत तेच एक इंजिन, एका ओळीत सहा सिलिंडरांचे. अमेरिकेत प्लिमथ गाडीत ते १९३३ साली आले आणि १९५९पर्यंत टिकले. त्याचे डोके सपाट. व्हॉल्व्ह वर नसून पिस्टनांच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसवलेले. दिसायला ते एखाद्या लोखंडी पेटीसारखे दिसते, आणि हल्लीची पोरे त्याला हसतात. माझ्या वडिलांचा गवताचा व्यापार होता. त्यांनी ही गाडी मुंबईहून जुनी म्हणून विकत घेतली. दसर्‍याला तिला झेंडूचा हार पडे आणि आम्ही पाच भावंडे मागच्या बाकावर कोंबून केळव्याच्या समुद्रावर जात असू. चालू इंजिनाच्या डोक्यावर वडील रुपयाचे नाणे कडेवर उभे करीत आणि पाहुण्यांकडे बघत. नाणे पडत नसे.

त्यात जादू नाही. पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा अशा पिस्टनांच्या जोड्या बरोबरीने वरखाली होतात, आणि या तीन जोड्यांची ओढाताण एकमेकींना नेमकी फेडून टाकते. क्रँकच्या दोन फेर्‍यांत सहा स्फोट होतात, १-५-३-६-२-४ या क्रमाने. एकाचा जोर ओसरण्यापूर्वी दुसर्‍याचा लागलेला असतो. म्हणून सहा सिलिंडरांचे इंजिन गुळगुळीत चालते.

पण हाच त्याचा लबाडपणा आहे. चार सिलिंडरांच्या गाडीत एक सिलिंडर मेला तर गाडी लंगडू लागते आणि शेजार्‍यालाही कळते. सहांत एक मेला तर बाकीचे पाच त्याचे ओझे गुपचूप वाहतात. आपल्या जुन्या एकत्र कुटुंबासारखेच हे. एक भाऊ दिवसभर ओटीवर पत्ते कुटीत बसला, तरी बाकीच्यांच्या कष्टावर घर चालत राहते आणि बाहेरच्यांना वाटते, काय गुण्यागोविंदाने नांदताहेत! अशा इंजिनाचा आजार ओळखायला थोडी चौकसबुद्धी लागते. पाना लागतो तो नंतर.

आता आजाराची गोष्ट. सफाळ्याहून अहमदाबाद महामार्गाला लागायचे तर तांदुळवाडीचा घाट चढून वरईला उतरावे लागते. घाट काही मोठा नाही. पण काही वर्षांपूर्वी माझी डॉज तिथे उकळू लागली. सपाटीवर चांगली, घाटाच्या मध्यावर आली की रेडिएटरच्या झाकणातून वाफ. मी ती मुंबईच्या एका गॅरेजात दिली. गॅरेजाचे नाव सांगत नाही. तसली शंभर आहेत, आणि एकट्यालाच फटके का मारा?

त्यांनी प्रथम रेडिएटरची जाळी बदलली. गाडी उकळली. मग थर्मोस्टॅट बदलला. गाडी उकळली. मग पाण्याचा पंप नवा बसवला. गाडी उकळली. तेव्हा तिथल्या मुख्य कारागिराने गंभीर चेहर्‍याने निर्णय दिला, "इंजिनच थकलंय, खोलावं लागेल." आणि खोलले. सहाही सिलिंडर ४० थाऊ बोअर केले, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाने चाळीस. त्या मापाचे नवे पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक घासून त्याला नवी बेअरिंगे. सुट्या भागांसाठी ऑपेरा हाऊस झाले, कुर्ल्याचा सी. एस. टी. रोड झाला, बाकीचे परदेशातून आले. दीड वर्ष गेले. पैशांचा आकडा सांगत नाही, कारण हा अंक आमच्या सौभाग्यवतीही वाचतात. इंजिन परत आले तेव्हा आरशासारखे चमकत होते. ब्लॉकला रंगसुद्धा दिला होता. मी पेढे वाटले. आणि वरईच्या पहिल्याच फेरीत, नेमक्या त्याच वळणावर, वाफ.

या सगळ्या प्रकारात एकाही माणसाने एक साधा प्रश्न विचारला नाही: का? उकळते तर का उकळते? पाणी कमी आहे, की पाणी फिरत नाही, की फिरते पण सगळीकडे पोचत नाही? प्रत्येक वेळी त्यांनी एक भाग बदलला, आणि तो भाग दोषी होता की निर्दोष याचा पुरावा मागितला नाही. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. कार्यकारणभाव फळ्यावर लिहून देत आलो. मीही विचारले नाही. बिले दिली.

आपल्या घरातली बाई असे कधी करते का, हे पाहा. चकली तेलात टाकली आणि विरघळली, तर ती नवा सोर्‍या आणायला बाजारात धावत नाही. ती म्हणते, मोहन जास्त झाले. पुढच्या घाण्याआधी पिठात थोडी कोरडी भाजणी मळून घेते आणि आधी एकच चकली तळून पाहते. एकच! सगळा घाणा नव्हे. ही परीक्षेची रीत स्वयंपाकघरात आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे आलेली आहे. गॅरेजात मात्र आपण पहिल्या झटक्याला सोर्‍या, कढई आणि चूल बदलतो. आणि चकली विरघळतेच.

दुसर्‍या फेरीनंतर सल्लागार जमले. त्यांतला निम्मा वर्ग म्हणाला, "हे इंजिन फेकून द्या, डिझेल बसवा." ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तेव्हा मोठ्या अमेरिकन गाड्यांची सहा सिलिंडरांची इंजिने उपटून त्यांच्या जागी पर्किन्सची चार सिलिंडरांची डिझेल इंजिने बसवण्याचा धडाका लागला होता. टॅक्सीवाल्याने ते केले, त्याला मी नावे ठेवणार नाही; त्याच्या पोटाचा प्रश्न होता. पण घरच्या गाडीचे इंजिन बरे करता येत नाही म्हणून दुसरे बसवणे म्हणजे आजोबांना खोकला झाला म्हणून शेजारचे आजोबा आणून खाटेवर झोपवण्यासारखे आहे. खोकला थांबतो, हे खरे.

शेवटी गाडी सफाळ्यातच एका मिस्त्रीकडे गेली. हे गृहस्थ वाड्यांवरची पाण्याची इंजिने, ट्रॅक्टर, होड्यांची यंत्रे दुरुस्त करीत. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. मी गाडी उभी केली आणि सवयीने म्हणालो, "मिस्त्री, कधी खोलणार?"

ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बसा आधी. रेडिएटरात पाणी कुठलं घालता?"

"आमच्या विहिरीचं."

"गोडं की मचूळ?"

"उन्हाळ्यात मचूळ होतं."

"किती वर्षं घालताय?"

मी मोजून सांगितले, साठाच्या आसपास. वडील तेच घालीत. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिन चालू करायला सांगितले, रबरी हातमोजा घातला आणि प्लगांच्या तारा एकेक काढून पाहू लागले. पहिली तार काढली, इंजिन अडखळले. म्हणजे तो सिलिंडर काम करीत होता. दुसरी, तिसरी, चौथी, तसेच. पाचवी काढली, थोडे अडखळले. सहावी काढली, इंजिनाला पत्ताच नाही. पत्ते कुटणारा भाऊ सापडला होता. पाच मिनिटे लागली, खर्च शून्य.

मग इंजिन थांबवून सहाही प्लग काढले आणि स्टुलावर क्रमाने मांडले. पहिल्या चारांची टोके भाजलेल्या बिस्किटासारखी तपकिरी, म्हणजे जशी हवीत तशी. पाचव्याचे फिकट. सहाव्याचे चुन्यासारखे पांढरे. "हा जास्त तापतो," ते म्हणाले. मग दाब मोजायचे घड्याळ लावले. पहिले चार शंभर पौंडांच्या जरा वर, पाचवा नव्वद, सहावा साठ. सहाव्याच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडले आणि पुन्हा मोजले, तरी साठच. हे मला त्यांनी समजावून सांगितले, आणि मी ते आपल्याला सांगतो, कारण यात शाळेतल्या कुठल्याही प्रयोगाइतकी सुंदर तर्कसंगती आहे. दाब पिस्टनच्या रिंगांमधून निसटत असता, तर तेलाने फट भरून दाब वाढला असता. वाढला नाही, म्हणजे रिंगा चांगल्या. दोन शेजारचे सिलिंडर सारखेच पडले असते, तर मधले गॅस्केट फाटल्याचा संशय. इथे एकच पडला होता, म्हणून व्हॉल्व्ह. सहाव्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता. नव्या बांधलेल्या इंजिनात!

"तर मग व्हॉल्व्ह बदलू या," मी म्हणालो. माझ्यातला गिर्‍हाईक अजून मेला नव्हता.

"व्हॉल्व्ह बदलाल, पण जळला का?" ते म्हणाले.

दीड वर्षाने कोणाच्या तरी तोंडून तो शब्द ऐकला.

प्लग पुन्हा बसवून त्यांनी इंजिन तापवले आणि डोक्यावर पुढून मागे बोटांनी पाणी शिंपडले. पुढचे थेंब सावकाश आटत होते. मागचे चुर्र करून उडत होते. पाणी मागे पोचत नव्हते.

आता या इंजिनाची एक गंमत सांगतो. पंपाच्या पाठीमागे, ब्लॉकच्या आत, पुढून मागपर्यंत एक लांब पातळ पत्र्याची चपटी नळी असते. तिला ठिकठिकाणी भोके असतात, आणि त्यांतून थंड पाणी थेट व्हॉल्व्हांच्या बैठकींवर सोडले जाते, शेवटच्या सिलिंडरापर्यंत. बाहेरून ती दिसत नाही. ती गंजून पुढच्या टोकाशी फुटली, की पंपाचे सगळे पाणी तिथेच सुटते. पुढचे सिलिंडर गार आणि मागचे तहानलेले. रेडिएटर नवा असो, पंप नवा असो, पिस्टन सोन्याचे असोत, काही उपयोग नाही. माझ्या इंजिनात साठ वर्षे मचूळ पाणी फिरले होते. मुंबईत सगळे इंजिन खोलले, नट न् नट खोलला. एक ती नळी तेवढी जागच्या जागी राहिली, कारण ती दिसत नाही आणि ती शोधायची बुद्धी कोणाला झाली नाही.

मिस्त्रींनी रेडिएटर आणि पंप उतरवला आणि वाकवलेल्या तारेच्या आकड्याने ती नळी ओढायला घेतली. अर्धा दिवस लागला. सबंध निघालीच नाही. खपल्या निघाल्या, जुन्या पापडासारख्या. ब्लॉकच्या बाजूची बुचे काढली, तर मागच्या भागात तांबडा चिखल वीतभर. तो धुतला. खपल्या शेडच्या फरशीवर जुळवून भोकांची मापे घेतली आणि पितळी पत्र्याची नवी नळी वळवून घेतली. जळलेला व्हॉल्व्ह बदलून बैठकीवर घासून बसवला. गाडी तांदुळवाडीचा घाट चढली, वरईला उतरली, परत आली. उकळली नाही. आजतागायत नाही.

आणि तो बोअर? तो मात्र गेला. या ब्लॉकला मूळ मापापासून फार तर ६० थाऊपर्यंत कापता येते, आणि ज्या सिलिंडरांना काहीही झालेले नव्हते त्यांतले ४० कापून टाकलेले आहेत. लोखंड परत चिकटवता येत नाही. माझ्या नातवाला हे इंजिन खरोखर कधी बांधायची वेळ येईल, तेव्हा त्याच्या हाती एकच बोअर उरलेला असेल. उतावळ्या खोलण्याचे नुकसान हे असे असते. त्यात पैसे जातात, ते सर्वांत किरकोळ.

आता माझ्या लाजेचा भाग. मिस्त्रींनी मजुरी सांगितली. मुंबईच्या बिलाच्या विसाव्या हिश्शाइतकीही नव्हती. आणि मी, तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवलेला मी, म्हणालो, "अहो मिस्त्री, शेवटी नळीच तर बदललीत एक!" त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पाचशे रुपये कमी केले. मी ते घेतले. तो आकडा मला अजून टोचतो.

कारण हाच तो आपला सामाजिक रोग. आपण वस्तूचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. पिस्टन हातात धरून दाखवला की आपले पाकीट उघडते. अर्धा दिवस डोके चालवून पिस्टन बदलायची गरज नाही असे सांगितले, तर आपण म्हणतो, याने केले काय? मग गॅरेजवाल्याने विचार का करावा? खोलण्यात त्याचा संसार चालतो. निदान करणारा उपाशी राहतो आणि खोलणारा शेड वाढवतो. आमच्या मिस्त्रींचा मुलगा बोईसरच्या एम. आय. डी. सी.त पाळीवर जातो. तो मला म्हणाला, "बाबांचं काम चांगलं आहे हो, पण लोक त्याचे पैसे देत नाहीत." मी कुठल्या तोंडाने त्याला उत्तर देणार?

कोणी म्हणतील, मास्तर जुन्या जगात राहतात; आता गाडीला यंत्र लावले की बिघाड पडद्यावर उमटतो. उमटतो खरा. पडदा सांगतो, तिसर्‍या सिलिंडरात स्फोट चुकतो आहे. चुकतो कशामुळे? प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, तार, यांतले काय? पडदा गप्प. आणि गॅरेजातला मुलगा प्लग बदलतो, मग कॉइल, मग इंजेक्टर. माझ्या डॉजचेच चरित्र, फक्त नव्या छपाईत. यंत्राने लक्षण सांगितले. निदान अजून माणसानेच करायचे आहे.

दुसरा पक्ष शौकिनांचा. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला की ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करता येईल. फी २०,००० रुपये, आणि मग ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. सरकारचा हेतू चांगला असेल. पण त्यामुळे ज्यांना गाडी फक्त दाखवायचीच आहे, त्यांचे फावले. क्रोम चमकते, रंगात तोंड दिसते, आणि इंजिन? ते ट्रकवरून उतरून मंडपापर्यंत गेले म्हणजे झाले! अशा इंजिनाच्या नळीत पापड आहे की पितळ, याची चौकशी कोण करतो? मी माझी गाडी साध्या नोंदणीवर ठेवली आहे. दर पाच वर्षांनी कचेरीत जाऊन तिचे नूतनीकरण करतो आणि कारकुनाचे टोमणे ऐकतो. घाट चढत नाही ती मोटार माझ्या लेखी मोटार नव्हे, दिवाणखान्यातले कपाट आहे.

खोलूच नये असे मी म्हणत नाही. एस. टी.सारख्या हजारो गाड्यांच्या संस्थेत एक इंजिन उतरवून दुसरे चढवणे समजू शकते. प्रवासी खोळंबलेले असतात. आणि इंजिने खरोखर झिजतातही. तेल ओतल्यावर सगळ्या सिलिंडरांचा दाब चढला, धुराड्यातून निळा धूर आला, क्रँक ठोका देऊ लागला, तर अवश्य खोला. पण मग मापे घ्या. बेअरिंगच्या टोप्यांवर खुणा करून ज्या जागेची तिथेच बसवा. एकीची जागा दुसरीने घेतली तर क्रँक अडकतो. रिंगेची फट सिलिंडरात बसवून मोजा, डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आणि बांधताना डोक्याचे बोल्ट मधून सुरुवात करून कडेला, थोडेथोडे, दोनतीन फेर्‍यांत आवळा. आमच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये हा क्रम भिंतीवर खडूने काढलेला आहे. मुंबईच्या त्या गॅरेजात भिंतीवर फक्त तयार गाड्यांचे फोटो होते.

गिर्‍हाइकांनी एवढे करावे. गाडी दुरुस्तीला टाकताना, काय बदलणार हे विचारण्याआधी, काय मोजले हे विचारावे, आणि ते आकडे कागदावर मागून घ्यावेत. सहा सिलिंडर असतील तर सहा आकडे. आकडे नसतील तर पाना लावू देऊ नये. आणि कोणी आकडे दाखवून म्हणाला की काही बदलायची गरज नाही, तर त्याच्या हातावर त्या बदलण्याइतकी नाही तरी निम्मी रक्कम ठेवावी. हसू नका. डॉक्टरने नाडी पाहून 'काही नाही, जा घरी' म्हटले तर आपण फी देतोच की.

ते पाचशे रुपये मी गेल्या पाडव्याला मिस्त्रींकडे नेले. ते म्हणाले, "कसले हो हे, गुरुजी? मला आठवत नाही." त्यांना आठवत होते. शेवटी त्यांनी घेतले, आणि म्हणाले की टॅपेट बघायला झालेत, गाडी घेऊन या, पण सकाळी लवकर नको; इंजिन चांगले तापलेले असायला हवे, तेव्हा वरईपर्यंत जाऊन मग या. नातू बरोबर येणार आहे. त्याच्यासाठी मी एक वही घेतली आहे, पानावर सहा रकाने आखून.